सेल एकच, मग तुलना ‘फॉल्स’ का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून एक्सेल चालवायला लागलेले बहुतेक जण आज ना उद्या हे विचारतातच: ए१ ही सेल दोनदा मागवली, दोन व्हेरिएबलमध्ये ठेवली आणि दोघांची तुलना केली, तर उत्तर ‘फॉल्स’ (खोटं) का येतं?

कारण तुमच्या हातात सेल आलेलीच नसते. रेंज (एक किंवा अनेक सेल) मागितली की एक्सेल दर वेळी त्या सेलकडे बोट दाखवणारं नवं रेंज ऑब्जेक्ट तयार करतं आणि पायविन३२ (पायथनला विंडोजमधल्या प्रोग्रॅमशी जोडणारी लायब्ररी) त्यावर आपला रॅपर, म्हणजे पायथनचं वेष्टन, चढवतं. ‘इज’ वापरलंत तर फक्त दोन रॅपर ताडले जातात. ‘==’ वापरलंत तर पायविन३२ खाली उतरून कॉमच्या (विंडोजमधले प्रोग्रॅम ज्या पद्धतीने एकमेकांची ऑब्जेक्ट वापरतात तिच्या) नियमाने बघतं. तो नियम पक्का आहे: एकाच ऑब्जेक्टकडे आयअननोन हा इंटरफेस (प्रत्येक कॉम ऑब्जेक्टला असणारा मूळ दरवाजा) कितीही वेळा मागा, पॉइंटर (मेमरीतला पत्ता) तोच मिळाला पाहिजे. इथे मुळात ऑब्जेक्टच दोन आहेत, त्यामुळे कॉमही ‘वेगळे’ म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. व्हीबीएतही (एक्सेलचे मॅक्रो लिहायच्या भाषेतही) ‘ॲक्टिव्हशीट इज शीट१’ बेधडक चालतं, पण दोन रेंजना ‘इज’ लावलं की हाच अनुभव येतो.

जुना मॅक्रो पायथनमध्ये आणताना मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. व्हीबीएत दोन सेलच्या मधे ‘=’ टाकलं की त्यांच्या व्हॅल्यू ताडल्या जातात; दोन्हीकडे ५०० असेल तर ‘ट्रू’. पायथनमध्ये ‘==’ ऑब्जेक्टची ओळख बघतं, म्हणून तीच अट ‘फॉल्स’ होते. एररही येत नाही. हिशेबाच्या फाइलमध्ये असली गप्प राहणारी चूक मला सगळ्यात घातक वाटते. व्हॅल्यू ताडायच्या असतील तर दोन्ही बाजूंना ‘.व्हॅल्यू’ स्पष्ट लिहा.

ओळखच हवी असेल तर ती ॲप्लिकेशनलाच विचारावी. वर्डच्या रेंजला ‘इजइक्वल’ ही मेथड आहे. आउटलुकमध्ये दोन आयटमसाठी ‘कंपेअरएंट्रीआयडीज’ आहे. पॉवरपॉइंटने तर हे फार छान केलंय: स्लाइड पुढेमागे हलवली की ‘स्लाइडइंडेक्स’ बदलतो, ‘स्लाइडआयडी’ तोच राहतो.

एक्सेलच्या रेंजला असं काही दिलेलं नाही, याची मला खरंच खंत वाटते. ‘एक्सटर्नल’ हा पर्याय ‘ट्रू’ ठेवून रेंजचा ‘ॲड्रेस’ घेतला की फाइल आणि शीटच्या नावासकट पत्ता मिळतो, आणि त्या घडीच्या तुलनेला तो पुरतो. पण वर एक ओळ घाला: हातातली रेंज आता $ए$२ सांगेल आणि तुम्ही जपून ठेवलेली स्ट्रिंग $ए$१ वरच अडून बसेल. म्हणून एखादी सेल दीर्घकाळ ओळखायची असेल तर मी तिला एक्सेलमध्येच नाव देतो. ओळी घुसल्या तरी ते नाव सेलबरोबर सरकतं आणि फाइल सेव्ह करून पुन्हा उघडली तरी टिकतं.