४४.१ ची फाइल, डॅकवर मात्र ४८

माझी बहुतेक गाणी सीडीवरून काढलेली आहेत, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. फाइल्स फ्लॅकमध्ये, त्यामुळे मूळ डेटातलं काहीही गळालेलं नाही. तरी काहीही लावा, यूएसबी डॅकच्या (डिजिटल डेटाचा ऐकण्याजोगा सिग्नल करणारी पेटी) डिस्प्लेवर आकडा ४८ चाच. ज्याला विचारावं तो म्हणे केबल बदल. केबलने सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने हा आकडा, बदलत नसतो हो!

विंडोजमध्ये नेहमीच्या शेअर्ड मोडमध्ये सगळ्या प्रोग्रामचा आवाज एकाच मिक्सरमधून जातो आणि तो मिक्सर साउंड सेटिंगमध्ये ठरवलेल्या एकाच रेटवर चालतो. ४४.१ चे ४८ करायचे म्हणजे दर १४७ सॅम्पलच्या जागी १६० नवे सॅम्पल हिशोबाने तयार करायचे. कानाला फरक कळेल न कळेल, पण जे सीडीवर आहे तेच डॅकपर्यंत जावं एवढीच माझी मागणी होती. सेटिंगमध्ये ४८ चं ४४.१ करून ठेवा, असं बरेच जण सुचवतात. ते करू नका. मग ९६ ची फाइल खाली उतरवली जाते.

खरा उपाय वासापी (विंडोजची आवाजाची यंत्रणा) एक्सक्लुझिव्ह मोड. यात प्लेयर मिक्सरला वगळून थेट डिव्हाइसशी बोलतो. फूबार २००० सारख्या प्लेयरमध्ये आउटपुटच्या यादीत डॅकच्या नावापुढे एक्सक्लुझिव्ह लिहिलेलं असतं, ते निवडायचं. हे चुटकीसरशी झालं.

आणि प्ले दाबल्यावर एरर. आधी म्हणे डिव्हाइस वापरात आहे. साउंडच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये, डॅकच्या प्रॉपर्टीजमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर दोन चौकोन असतात. पहिला एक्सक्लुझिव्ह ताबा घेऊ देण्याचा, दुसरा अशा प्रोग्रामला प्राधान्य देण्याचा. माझ्याकडे दुसरा रिकामा होता, त्यामुळे मागे उघडा असलेला ब्राउझर डिव्हाइस सोडेना. दोन्हींवर टिक हवी.

ती एरर गेली, तर दुसरी उभी: हा फॉरमॅट चालत नाही. मग चालतो कुठला? ते मात्र सांगायचं नाही! याचाच मला आजही राग येतो. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, यूएसबी पोर्ट बदलले, बफर वाढवून पाहिला, आणि दर वेळी तीच एक ओळ समोर. अडचण होती बिट डेप्थची, म्हणजे एका सॅम्पलला किती बिट याची. प्लेयरमध्ये आउटपुट २४ बिटवर होतं, कारण डॅकच्या खोक्यावर २४ लिहिलेलं. पण ड्रायव्हरला तेच २४ बिट ३२ बिटांच्या डब्यात भरून हवे होते. आउटपुट ३२ केलं आणि गाणं सुरू झालं. डिस्प्लेवर ४४.१! पुढे ९६ ची फाइल लावली तर आकडा आपोआप ९६ झाला. इतकं हायसं वाटलं की नुसते रेट बदलताना बघायला म्हणून गाणी लावत बसलो. १६ चे ३२ केल्याने आवाज बिघडेल ही भीती नको. मागे फक्त शून्यं जोडली जातात.

हो, एक राहिलं. हे सगळं करण्याआधी प्लेयरच्या डीएसपीच्या (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या भागांच्या) यादीतून रीसॅम्पलर आणि इक्वलायझर काढा, नाहीतर प्लेयरच आधी आकडे बदलून मोकळा होतो. गाण्यांचा आवाज एकसारखा करणारं रीप्लेगेनही तसंच. बिट जसेच्या तसे हवे असतील तर प्लेयरचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवून आवाज अ‍ॅम्प्लिफायरवरून कमी करा. पहिल्यांदा लावताना अ‍ॅम्प्लिफायर अगदी खाली ठेवा, कारण एक्सक्लुझिव्हमध्ये विंडोजच्या मिक्सरमध्ये कमी केलेला आवाज लागू होईलच असं नाही.

खात्री करायची असेल आणि डीटीएस (सराउंड आवाजाचा एक फॉरमॅट) ओळखणारा रिसीव्हर असेल, तर डीटीएस सीडीवरून काढलेली फाइल डिजिटल केबलने त्याला द्या. बिट जसेच्या तसे पोचत असतील तर सराउंड संगीत वाजेल. वाटेत काही बदललं असेल तर नुसती खरखर ऐकू येईल.