दोन बैठक क्रमांक

7 मार्च

सकाळपासून चारदा मोबाइल उघडला. पुण्याच्या परीक्षा परिषदेचं पान आता मला तोंडपाठ झालंय. कुठली ओळ जुनी, कुठली नवी, कुठल्या ओळीपुढे ते ‘नवीन’ लुकलुकतं, सगळं. लुकलुकणारी ओळ दरवेळी दुसऱ्याच परीक्षेची निघते, तरी दरवेळी छातीत धस्स होतं ते होतंच.

थोरलीने डिसेंबरात एनएमएमएस दिली. आठवीच्या पोरांची शिष्यवृत्तीची परीक्षा; शाळा सरकारी नाहीतर अनुदानित, आणि आईबापाचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. नंबर लागला तर नववीपासून बारावीपर्यंत महिन्याला 1,000 रुपये, थेट पोरीच्या खात्यात. चार वर्षांचे 48,000. अस्तराचं ब्लाउज मी दीडशेला शिवते, म्हणजे 320 ब्लाउज झाले. हा हिशोब मी कुणाला सांगितलेला नाही, पण मशीनवर बसले की पाय आपोआप तेच मोजतात.

फेब्रुवारीत मार्क आले तेव्हा वाटलं, सुटलो. बौद्धिक क्षमतेत 90 पैकी 62, शालेय क्षमतेत 90 पैकी 59. दोन्ही पेपरांत 40 टक्के लागतात, ते तर आरामात होते. नावापुढे ‘पात्र’ असं छापलेलं. मी अर्धा किलो पेढे आणून गल्लीत वाटले. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या सरांनी बोलावून नीट समजावलं, “ताई, पात्र वेगळं आणि निवड वेगळी. निवड यादी अजून लागायचीय.” पेढे तोवर लोकांच्या पोटात गेलेले.

सरांनी पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडून दाखवले. देशात दरवर्षी 1 लाख पोरांना ही शिष्यवृत्ती मिळते. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला 11,682. ते मग जिल्ह्याजिल्ह्यात वाटतात, सातवी-आठवीत किती पोरं आहेत त्या हिशोबाने. जळगाव जिल्ह्याच्या वाट्याचे पुन्हा प्रवर्गाप्रमाणे भाग. त्या आपल्या भागात वरून मोजत यायचं आणि जागा संपल्या की रेघ.

तेव्हापासून डोक्यात ती रेघच आहे. पोरीचे 121 तर आता हलायचे नाहीत. हलतात ते बाकीच्यांचे. चोपड्यात कुणाला किती पडले असतील, पारोळ्यात किती, जामनेरात एखादी शाळाच्या शाळा पुढे निघून गेली असेल का.

12 मार्च

रात्री ह्यांना सांगत होते तर हे म्हणाले, “मग नाही लागला तर सारथी आहे ना?”

आहे. आमचा दाखला कुणबीचा. मराठा-कुणबी पोरं एनएमएमएसला पात्र ठरून यादीत आली नाहीत, तर त्यांच्यासाठी सारथी ह्या सरकारी संस्थेची शिष्यवृत्ती असते, वर्षाला 9,600. ह्यांनी लगेच वजाबाकी केली. “महिन्याला दोनशेचा फरक. दोनशे रुपयांसाठी तू महिनाभर झोपली नाहीस?”

काय सांगणार. तोही अर्जच, पुन्हा कागद, पुन्हा वाट. आणि खरं सांगायचं तर दोनशेचा प्रश्नच नाही. मला तिचं नाव त्या यादीत बघायचंय. माझं नाव आजवर छापून आलं ते लग्नपत्रिकेत आणि रेशन कार्डावर.

हे मात्र शांत. आमच्या अमळनेरात थांबून श्रीमंत झालेल्यांच्या गोष्टी घरोघर सांगतात. 1945 साली इथे वनस्पती तेलाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. ज्यांच्या आजोबांनी शेअर विकले नाहीत त्यांची नातवंडं म्हणे आज व्याजावर बसून खातात. ह्यांना ती गोष्ट फार आवडते. “थांबणाऱ्याचं भलं होतं” म्हणाले आणि कूस बदलून घोरायला लागले. ह्यांच्या आजोबांकडे शेअर नव्हता, एक बैल होता, आणि तोही विकला.

15 मार्च

कुरडयांचा दिवस. गहू तीन दिवस भिजत होते, रोज पाणी बदललं, तरी तो आंबूस वास घरभर. काल वाटून, गाळून चीक पातेल्यात निवत ठेवलेला. पहाटे वरचं पाणी हलक्या हाताने ओतून दिलं तर खाली पांढरा, घट्ट, बोट रुतेल असा थर. चीक हाटायला एकटीचं काम नाही. आधणात एकीने ओतायचा, दुसरीने हाटायचा, थांबलं की गाठ झालीच. म्हणून शेजारच्या वहिनी आल्या. त्यांची पोर आणि आमची थोरली एकाच वर्गात, एकाच बाकावर, एकाच गाइडातून शिकलेल्या. गाइड आम्ही निम्मे निम्मे पैसे घालून घेतलं होतं.

चीक हाटता हाटता मी विचारलं, “वहिनी, तुमच्या पोरीला बौद्धिकला किती होते हो?”

खरं तर मला आधीच माहीत होतं. एकूण 123 हे कानावर आलं होतं. तरी विचारलं, कदाचित ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून. चूक झाली असावी अशी इच्छा होती म्हणून, असं लिहायला पाहिजे. इथे तरी खोटं कशाला.

“64,” त्या म्हणाल्या. “आणि दुसऱ्यात तुमच्या पोरीइतकेच. 59.”

त्यांचाही दाखला कुणबीचाच. म्हणजे तीच यादी, तीच रेघ. ती दोघींच्या खाली पडली तर प्रश्न नाही. दोघींच्या वर पडली तरी एक वेळ चालेल, दोघी मिळून सारथीचे अर्ज भरू. पण मधल्या दोन मार्कांत पडली तर? मी पळी फिरवत ह्याच विचारात, आणि चिकात गाठ झाली. वहिनींनी माझ्या हातातून पळी घेतली. “बाजूला व्हा माय, तुमचं ध्यान नाही आज.”

धाब्यावर जुनी धोतरं अंथरून साच्याने कुरडया घातल्या. दोघी पोरी वाटीत गरम चीक, वर तेल आणि साखर घेऊन कोपऱ्यात बसल्या. नववीचं गणित अवघड असतं का ह्यावर त्यांचं चाललेलं. यादीचं नावही नाही.

संध्याकाळी वाळलेल्या कुरडया उलटताना थोरली म्हणाली, “आई, तू काकूंना मार्क का विचारलेस? तुला तर मी सांगितले होते.”

“सहज,” म्हटलं.

ती काही बोलली नाही. एक मोडकी कुरडई उचलून तोंडात टाकली.

29 मार्च

यादी नाही. ऊन 41 च्या पुढे गेलंय. दुपारी मशीनच्या लोखंडाला हात लागला तर चटका बसतो.

2 एप्रिल

बँकेत जाऊन आले. आधी कागद तयार ठेवावेत, असं सर म्हणालेले. आधारवर नावात एक अक्षर वेगळं आणि शाळेच्या दाखल्यात वेगळं. खिडकीतल्या माणसाने कागद परत सरकवला, “आधी हे सरळ करून आणा.” यादीत नाव नाही, आणि मी नावातलं अक्षर दुरुस्त करत फिरतेय. सासूबाई ओट्यावर बसलेल्या. मी चप्पल काढायच्या आत त्यांनी विचारलंच, “पोरनं नाव उनं का व?” त्यांना वाटतं यादी बँकेतच लागते.

“नाही ओ आत्या, अजून नाही.”

“मंग आखाजीले ई,” त्या म्हणाल्या. त्यांच्या हिशोबात सगळं आखाजीला, अक्षय्य तृतीयेला येतं. सासरी गेलेल्या लेकी, आंबे, झोके, सालदाराचं नवं साल. शिष्यवृत्ती का येऊ नये?

4 एप्रिल

रात्री नऊ वाजता वहिनी आल्या. त्यांच्या घरी एकच मोठा मोबाइल, तो भाऊजींसोबत शेतावर. म्हणाल्या, “तुम्ही रोज बघताच ना? मग आमच्या पोरीचा नंबर पण लिहून ठेवा. माझ्याकडून काही ते उघडत नाही.” हातात हॉल तिकीट, चार घड्या घातलेलं, घड्यांवर फाटत आलेलं.

आमच्या पोरीचा बैठक क्रमांक मी डिसेंबरातच भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला पेनाने लिहिलाय. त्याच्या खाली वहिनींच्या पोरीचा लिहिला. शेवटचे दोन आकडे सोडले तर दोन्ही नंबर सारखेच. वहिनी मागे उभं राहून एकेक आकडा हॉल तिकिटाशी ताडून बघत होत्या. बरोबर आहे म्हणाल्या, पाणी प्यायल्या, गेल्या.

आता साडेदहा झाले. परत एकदा बघितलं, नाही. यादी लागली की ती लांबलचक फाइल उघडेल, वरच्या चौकटीत नंबर टाकून शोधता येतो एवढं मला जमतं. पहिला कोणता टाकायचा, ते अजून ठरलेलं नाही.