सीताबर्डी ते रामटेक, गायगर काउंटर घेऊन

डिसेंबरातला रविवार. सकाळी साडेसहाला काकाजी दाराशी हजर. डोक्याला कानटोपी, खांद्याला झोळी, झोळीतून डोकावणारी हातोडी. काकाजी आमच्याच कॉलनीतले. उभी हयात युरेनियम शोधण्यात गेली, आता निवृत्त. अणुखनिज संचालनालयाचं मध्य विभागाचं ऑफिस आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे, हे नागपुरात जन्मूनही मला त्यांच्यामुळेच कळलं. भूवैज्ञानिक सर्वेक्षण सेमिनरी हिल्सला, खाण ब्युरोचं मुख्यालय सिव्हिल लाइन्सला, मँगनीज काढणारी मॉयल कंपनी काटोल रोडला. दगडांवर जगणारी एवढी ऑफिसं एका शहरात, आणि बाहेरच्यांना आपण सांगतो काय, तर संत्री.

मी हौसेनं एक छोटा गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार टिपून टकटक करणारं यंत्र, मागवला होता. काकाजींनी तो उलटापालटा करून पाहिला. "खेळणं आहे. पण चल, फिरवून आणू."

पहिला मुक्काम सीताबर्डीची टेकडी. किल्ला लष्कराचा, म्हणून आम्ही आपले खाली रस्त्याच्या कडेला. काउंटर काळ्या दगडाला टेकवला. मिनिटाला 17 टकटकी. पुढच्या मिनिटाला 24. मी लगेच हुरळलो.

"दहा मिनिटं थांब, मग सरासरी काढ. किरणोत्सार काही घड्याळ बघून येत नाही."

सरासरी आली 19. हा आपला बेसाल्ट, दख्खनच्या ट्रॅपचा, म्हणजे थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. याच्यात युरेनियम जेमतेम. ते थिजत्या लाव्हारसातल्या लोह-मॅग्नेशियमच्या स्फटिकांत मावत नाही, उरलेल्या रसात राहतं आणि शेवटी ग्रॅनाइटच्या वाट्याला जातं. नागपूरच्या पश्चिमेला बघाल तिथवर हाच दगड. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते पाद्री स्टीफन हिस्लॉप 1845 साली इथे आले आणि धर्मप्रचाराइतकेच दगडांतही रमले. टाकळी, सीताबर्डी या भागात लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गोड्या पाण्यातल्या गाळाबद्दल त्यांनी लिहून ठेवलंय. 1863 साली टाकळघाटची शिलावर्तुळं बघून परतताना ओढ्यात बुडून ते गेले. काकाजी त्यांच्याबद्दल घरच्या माणसासारखं बोलतात.

गंमत अशी की हा ट्रॅप नागपुरातच संपतो. शहराच्या पूर्वेला त्याच्या खालचे, कितीतरी जुने खडक उघडे पडतात. म्हणजे आपण सकाळी लाव्ह्यावरून निघून ऑफिसला नाइसवर, म्हणजे त्या जुन्या पट्टेदार खडकावर, पोचतो आणि पत्ताही लागत नाही.

वाटेत तर्री पोहे झाले. (तर्री दोनदा मागितली. यावर जास्त लिहीत नाही, नाहीतर पोस्ट तिथेच संपेल.)

नंतर खापरखेड्याच्या अंगाला, कन्हानकाठचं सिलेवाडा. इथला वालुकाश्म गोंडवनातला, म्हणजे आपला कोळसा ज्या खडकांत सापडतो त्या गटातला, 25 कोटी वर्षांच्या आसपासचा. या थरांना जगभरच्या पुस्तकांत ‘कामठी’ म्हणतात, आपल्या कामठीवरून. लालसर, विटकरी, हाताला खरखरीत. काउंटरवर 23. मी निराश, आणि काकाजी मात्र इथे खरे रंगात आले. खाली बसून त्यांनी मातीत काडीनं रेघ ओढली.

"युरेनियम हे पाण्यातून फिरणारं मूलद्रव्य. ज्या पाण्यात हवा खेळते, त्यात ते सुखानं विरघळतं. ग्रॅनाइटमधून सुटतं आणि वाळूच्या थरांतून मैलोगणती वाहत जातं. मग वाटेत कुजलेलं लाकूड लागतं, कोळशाचा कण लागतो, पायराइट, म्हणजे लोखंड-गंधकाचं खनिज, लागतं. तिथे पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि युरेनियम बसकण मारतं."

"मग हा दगड लाल का?"

"लोखंड गंजलंय. म्हणजे इथे हवा पोचली, युरेनियमला अडवणारं काही उरलं नाही. आम्ही शोधायचो राखाडी दगड. त्याहून नेमकं सांगायचं तर लाल जिथे संपतो आणि राखाडी सुरू होतो, ती हद्द."

पन्नास वर्षांचं शास्त्र त्या एका रेघेत मावलं. इथून वर, बैतूल जिल्ह्यात, सातपुड्याच्या गोंडवनातल्या मोतूर थरांत असं वालुकाश्मातलं युरेनियम सापडलेलं आहे. मेघालयातल्या डोमियासियाटचा साठाही वालुकाश्मातलाच. छत्तीसगडात राजनांदगावच्या दक्षिणेला बोदल आहे, पण तिथला खडक वेगळा आणि फार जुना.

एवढ्यात बकऱ्या घेऊन एक आजोबा आले. यंत्राकडे बघून म्हणाले, "का जी, पानी लागन का इथं?"

काकाजी हसले नाहीत. उठून त्यांनी आजोबांशी गावातल्या विहिरींबद्दल चांगली पंधरा मिनिटं बात केली. कोणती आटते, कोणतीचं पाणी मचूळ. नंतर गाडीत सांगितलं की ही जुनी सवय. गॅमा किरण जमिनीच्या वरच्या हातभर थरातूनच बाहेर येतात. वर दोन हात काळी माती असली की खाली साठा असूनही यंत्र गप्प. मग विहिरींचं पाणी तपासायचं, मातीतला रेडॉन, म्हणजे युरेनियमपासून होणारा वायू, मोजायचा, आणि शेवटी बोअर मारून आत यंत्र सोडायचं. बहुतेक बोअर कोरडे. "तेही नकाशावर मांडावं लागतं. नाहीतर वीस वर्षांनी दुसरा कोणी तिथेच भोक पाडतो."

मनसरला मँगनीजच्या खदानीबाहेरचे काळे ढीग रस्त्यावरून बघितले आणि रामटेककडे वळलो. गडाच्या पायथ्याशी अभ्रकानं चमचमणारा दगड, मध्ये गुलाबी फेल्डस्पारच्या शिरा. काउंटर 34! मी जवळजवळ ओरडलो. दुपटीला थोडंच कमी!

"पोटॅशियम," काकाजी पायऱ्या चढता चढता म्हणाले. मागे वळूनही बघितलं नाही.

अभ्रकात पोटॅशियम, फेल्डस्पारमध्ये पोटॅशियम, आणि त्याचाही थोडा अंश किरणोत्सारी. माझ्या यंत्राला टकटक करता येते, कोणाची ते ओळखता येत नाही. खरं सर्वेक्षणाचं यंत्र गॅमा किरणांची ऊर्जा मोजतं: पोटॅशियमचा 1.46 एमईव्ही (हे ऊर्जेचं माप), युरेनियमच्या वंशातल्या, म्हणजे ते विघटत जाताना होणाऱ्या, बिस्मथचा 1.76, थोरियमच्या वंशातल्या थॅलियमचा 2.62. तीन खिडक्या, तीन आकडे. शिवाय आपल्याकडचं धातुक असून असून किती? झारखंडातल्या जादुगुड्याला टनामागे युरेनियम अर्ध्या किलोच्या आसपास. कॅनडातल्या सिगार लेकला शंभर किलोच्या वर. असल्या कंजूस दगडातून शोधायचं म्हणजे काकाजींसारखी न उतावळणारी माणसंच लागतात. मला तर दहा मिनिटांची सरासरीही जड गेली.

गडावर दर्शन घेतलं, माकडांनी केळी पळवली, चारला परत फिरलो.

रात्री घरी सहज काउंटर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला. आमचा ओटा गुलाबी ग्रॅनाइटचा. दहा मिनिटं थांबलो, नियमानं. 38. दिवसभरातला सगळ्यात मोठा आकडा घरात! खालच्या फळ्या कडप्प्याच्या, तिथे 20. ज्या कडप्पा जिल्ह्यात तुम्मलपल्लीचा एवढा मोठा युरेनियमचा साठा आहे, तिथलं नाव लावणारी फरशी चूप, आणि वर ओटा टकटकतोय.

आई कणीक घेऊन उभी. "मग? यावर पोळ्या लाटू की नको?"

काकाजींना फोन लावला. आकडा सांगून व्हायच्या आतच पलीकडून उत्तर आलं, "पोटॅशियम. पोळ्या लाटा म्हणावं."