सासूबाईंचं बोट मशीन घेईना: रेशनच्या ई-केवायसीचा माझा अनुभव

आमचं कार्ड केशरी, प्राधान्य कुटुंबाचं. माणशी महिन्याला पाच किलो धान्य, जानेवारी २०२३ पासून मोफत. घरात खाणारी सहा तोंडं आणि कमाई रोजंदारीची, त्यामुळे या तीस किलोंवरच महिन्याचा हिशोब बसतो.

ई-केवायसी आली, म्हणजे कार्डावरच्या प्रत्येकाने दुकानातल्या मशीनवर बोट लावून आधारवरून ओळख पटवायची, आणि सासूबाईंचं अडलं. त्यांचा जन्म ऊसतोडीत गेला, बोटांवर रेषा राहिल्याच नाहीत. हात साबणाने धुतले, खोबरेल चोळलं, दहाही बोटं लावून पाहिली. मशीन घेईना. दुकानदार म्हणाले, "वहिनी, माझ्या हातात काही नाही, तहसीलला जा." तहसीलच्या पुरवठा विभागाने आधार केंद्रावर पाठवलं. तिथे ठसे पुन्हा घेतले, पण झिजलेल्या बोटांचे नवे ठसे कुठून येणार? डोळ्यांची बुबुळंही घेतली, तर दुकानात बुबुळं तपासायचं यंत्र नव्हतं. दर खेपेला माझा रोज बुडायचा, वर रिक्षाचं भाडं. तेवढ्या पैशांत बाजारातून गहू आला असता. मग एका महिन्याच्या पावतीवर माणूसच एक कमी झाला, पाच किलो गेले.

वाट निघाली ती 'मेरा ई-केवायसी' ॲपमधून. यात चेहऱ्यावरून ओळख पटते, बोट लागत नाही. पण ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, आणि सासूबाईंच्या आधारला नंबरच नव्हता. पुन्हा केंद्र, पुन्हा रांग. नंबर जोडला गेल्यावर सकाळच्या उजेडात त्यांना अंगणात बसवलं, त्यांनी डोळे मिचकावले आणि काम झालं. ही सोय पहिल्याच दिवशी कुणी सांगितली असती तर म्हातारीची एवढी फरफट झाली नसती, याचा मला आजही राग येतो.

दर महिन्याचं धान्य घरातल्या कुणाच्याही अंगठ्यावर मिळतं, म्हणून आमचं निभावतं. शेजारच्या आजी मात्र एकट्या राहतात, त्यांचाही अंगठा लागत नाही. ठसे जुळले नाहीत म्हणून कुणाचं धान्य अडवू नका, असं केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना लेखी कळवलं आहे. दुकानाच्या फलकावर ते कुठेच लिहिलेलं नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याची तरतूद आहे, पण तोंडी गाऱ्हाण्याचा पुरावा आपल्या हातात राहत नाही. म्हणून आजींच्या नावाने लेखी तक्रार दिली आणि शिक्क्याची पोच घेतली. पुढच्या वाटपाला ती घेऊन मी त्यांच्यासोबत दुकानात जाणार आहे.