लाल वर्तुळातला शब्द

गेल्या महिन्यात एका अनुवादित लेखाची प्रुफं माझ्याकडे आली. अप्पा बळवंत चौकामागच्या एका खोलीत बसून अठरा वर्षं मी मुद्रितशोधन करतेय. लेख शहरांतल्या भाड्याच्या घरांबद्दल होता. तिसऱ्या पानावर वाक्य आलं, "विचित्र लोकांना घर मिळणं आणखी कठीण जातं." मी थांबले. मूळ मजकूर मागवला. तिथे 'क्वीअर' होतं.

शब्दाभोवती लाल वर्तुळ केलं. अशा वेळी समासात मी पर्यायही लिहून देते. त्या दिवशी अर्धा तास समास कोराच राहिला. मी स्वतः क्वीअर आहे, आणि मला त्याचं मराठी लिहिता येईना.

अनुवादकाला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, डिक्शनरीत तोच अर्थ आहे." खरंच आहे. इंग्रजीत त्या शब्दाचा जुना अर्थ विचित्र, तऱ्हेवाईक असाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांना घालायची शिवी झाली. मग १९९० साल उजाडलं. एड्सने माणसं जात होती. त्या लढ्यातल्या कार्यकर्त्यांनी न्यू यॉर्कमध्ये 'क्वीअर नेशन' ही संघटना काढली, प्राइडच्या, म्हणजे अशा माणसांच्या अभिमानाच्या, मोर्चात पत्रकं वाटली आणि तीच शिवी स्वतःचं नाव म्हणून लावली. शिवी देणाऱ्याच्या हातात मग काही उरत नाही. तरी तिकडच्या काही वयस्कर लोकांना आजही तो शब्द सहन होत नाही. त्यांनी तो मार खाताना ऐकलाय.

आपल्याकडे मात्र हा शब्द धुऊनपुसून आला. पुण्याच्या रस्त्यावर 'ए क्वीअर' म्हणून कुणी कुणाच्या अंगावर दगड टाकला नाही. ते काम दुसऱ्या शब्दाने केलं.

माझा एक मित्र आहे, भोरकडचा. शाळेत त्याला 'बायल्या' म्हणत. मुलं कॉलर धरून त्याला मैदानभर ओढत न्यायची आणि मास्तर बघत उभे राहायचे. आज तो पंचेचाळीस वर्षांचा आहे. मागे आम्ही टिळक रोडवर चहा पीत होतो, शेजारच्या टेबलावर कुणीतरी कुणाला गमतीने 'बायल्या' म्हणालं, आणि याचा उजवा हात कॉलरवर गेला. त्याच्या लक्षातही आलं नाही. मी क्वीअर या शब्दाबद्दल भरभरून बोलत होते. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "तुझा शब्द चांगलाय गं. पण माझी शिवी अजून तिथेच पडलीय. ती कोण उचलणार?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही.

तरी मी क्वीअरच म्हणते, कारण बाकीचे शब्द लावून पाहिलेत. विशीत एका मुलावर माझं खरं प्रेम होतं, गोष्ट लग्नापर्यंत गेली होती. आता बारा वर्षं मी एका बाईबरोबर संसार करतेय. 'समलिंगी' म्हटलं की तो मुलगा खोटा ठरतो. 'उभयलिंगी' म्हटलं की शाळेच्या पुस्तकातलं गांडूळ आणि जास्वंद आठवते. शिवाय दोन्ही शब्द आधी लिंग विचारतात, माणूस नंतर. क्वीअर मला कुणाबरोबर निजतेस हे विचारत नाही. पुरुष, बाई, लग्न, मुलं अशी जी आखलेली वाट आहे तिच्या बाहेर मी उभी आहे, आणि त्या वाटेच्या मापाने माझं आयुष्य कुणी मोजू नये, एवढं तो सांगतो. कर्वेनगरातलं आमचं हे तिसरं घर. आधीच्या दोन्ही घरमालकांना 'मैत्रिणी आहोत' सांगितलं होतं.

आमच्याकडे डीटीपीला एक पोर आहे, तेवीस वर्षांचं. त्याला पुरुषही म्हणवून घ्यायचं नाही आणि बाईही. इंग्रजीत हे कदाचित सोपं जात असेल. मराठीत 'मी आलो' की 'मी आले' हे ठरवल्याशिवाय आल्याची वर्दीही देता येत नाही. पण ते पोर कोल्हापूरचं. तिकडे बायकाही सहज 'मी येतो' म्हणतात, त्यामुळे आजीच्या घरात त्याची भाषा कुणाला खटकली नाही. आपल्याच बोलीत एवढी जागा आहे हे मला त्याच्यामुळे कळलं. ते स्वतःला क्वीअर म्हणतं, मीही म्हणते, आणि आमचं आयुष्य जराही सारखं नाही. या शब्दात दोघंही मावतो.

सगळ्यांनाच मात्र त्यात कोंबू नये. जोगते, हिजडे यांच्याकडे स्वतःची नावं आहेत, गुरू-चेल्याची रीत आहे, आमच्याकडे इंग्रजी शब्द पोचण्याच्या कितीतरी आधीपासून.

पुण्यात पहिली प्राइड २०११ च्या डिसेंबरात निघाली तेव्हा मी घरात बसून होते. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा निकाल लागला, समलिंगी संबंध गुन्हा उरले नाहीत, तेव्हा मावशीकडे होते. ती टीव्हीसमोर गवार मोडत होती. निकाल ऐकून तिने एवढंच विचारलं, "म्हणजे आता तुम्हाला कुणी पकडणार नाही ना?" त्या वेळी तिला मी शब्द वगैरे काही सांगितलं नव्हतं. या प्रुफांच्या निमित्ताने सांगितला. शिवीपासून सुरुवात केली, न्यू यॉर्क सांगितलं, मित्राचंही सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही.

मग म्हणाली, "हे नाव तुला कुणी चिकटवलं, की तू घेतलंस?"

"मी घेतलं."

"मग असू दे. त्या मुलाला जेवायला घेऊन ये एकदा."

दुसऱ्या दिवशी समासात 'क्वीअर' लिहिलं, वी दीर्घ. अनुवादकाने विचारलं, कंसात अर्थ देऊ का? मी नको म्हटलं. मित्र रविवारी मावशीकडे येतोय.