तुळई

"दोन्ही टीम एकमेकींशी धड बोलत नाहीत, मग बरोब्बर उलट्या कशा वागतात?" मीटिंगमध्ये एक सहकारी वैतागली. एकीची धावपळ सुरू झाली की दुसरी थंड. दुसरी हलते तोवर पहिली ढिम्म.

कोपऱ्यातून नवा पोरगा पुटपुटला, "बोलायचं कशाला? दोघींचा साहेब एकच आहे ना."

सगळे हसले. मीही हसलो. पण वाक्य डोक्यातून जाईना.

१६६५ मध्ये डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स आजारी होता. खोलीत शेजारी टांगलेली दोन लंबकाची घड्याळं बघत पडला होता. दोन्ही लंबक एकाच तालात, पण विरुद्ध दिशेला झुलत होते. त्यानं मुद्दाम ताल बिघडवला. अर्ध्या तासात पुन्हा तेच. आधी त्याला वाटलं, मधल्या हवेमुळे होत असेल. नंतर कळलं, दोन्ही घड्याळं एकाच आधारावर टांगलेली आहेत आणि ती तुळई डोळ्याला दिसणार नाही इतकी किंचित हलते. तिच्यातूनच ती एकमेकांना ढकलत होती.

माणसं म्हणजे लंबक नव्हेत, मान्य. लंबकाला पगारवाढ नको असते. तरी साहेबाची एक आठी, रात्री साडेअकराचा एक मेल, इकडून तिकडे पोचतोच की.

आणि आम्ही काय केलं? दोन्ही टीमसाठी 'संवाद कार्यशाळा' ठेवली. दोनदा! म्हणजे हवाच तपासत बसलो.

उद्याच्या मीटिंगला साहेब स्वतः येणार आहेत. तुळईचा विषय काढायचा कुणी?