तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ऑर्डर वाढवा ना!’

प्रश्न दर वेळी तोच. पुण्यात पाषाणच्या हवामान संस्थेत ६ किलोमीटरच्या जाळीवर अंदाज काढणारी भारत फोरकास्ट सिस्टम आली, तुमच्या हवामान मॉडेलच्या अनस्ट्रक्चर्ड मेशला (लहानमोठ्या तुकड्यांच्या जाळीला) तर हवं तिथे बारीक होता येतं, मग ऑर्डर (गणिताच्या अचूकतेची पायरी) वाढवून सह्याद्रीचा पाऊस नीट का पकडत नाही? विचारणाऱ्यांना गॅलर्किनही येतं आणि क्वाड्रेचरही, त्यामुळे बाराखडी गिरवत नाही.

प्रत्येक एलिमेंटमध्ये (जाळीच्या तुकड्यात) डिग्री ४ ची बहुपदी म्हणजे कागदोपत्री पाचवी ऑर्डर: एलिमेंट निम्मं केलं की चूक ३२ पट घटते. हा हिशोब उत्तर गुळगुळीत असेल तरच लागू. एलिमेंट बारीक होताना चूक कशी घटते ते दाखवणारा कन्व्हर्जन्सचा लॉग-लॉग आलेख पुढे करून मीही कधीकाळी वाद मिटवायचो. तो आलेख गॉशियन, म्हणजे घंटेसारख्या गुळगुळीत, टेकडीचा होता. ताम्हिणीचा नव्हे.

खरा निकाल लागतो तो शांत हवेच्या चाचणीत. वारा शून्य, हवा थरांत स्थिर, खाली डोंगर. काहीही घडता कामा नये. आता १० किलोमीटरांत ६०० मीटर चढ धरा, म्हणजे उतार ०.०६. डोंगराला धरून वळलेल्या तिरक्या थरावरून दाबाचा उतार मोजला की ९.८ × ०.०६, म्हणजे सुमारे ०.५९ मीटर प्रति सेकंद वर्ग प्रवेग येतो. गुरुत्वाचं पद तितकंच, पण उलट्या दिशेला. बेरीज शून्य. कोडमध्ये मात्र ही दोन पदं वेगवेगळ्या वाटांनी येतात. एक टक्क्याची तफावत राहिली आणि थोपवणारं काही नसलं, तर १० मिनिटांत साडेतीन मीटर प्रति सेकंदाचा वारा तयार. नकाशावर हा वारा डोंगराच्या आकारात दिसत नाही, एलिमेंटच्या कडांवर ठिपक्याठिपक्यांनी दिसतो. तिथेच चोर सापडतो.

इथे पहिला मोह हायपरव्हिस्कॉसिटी (बारीक चढउतार पुसणारं कृत्रिम घर्षण) वाढवायचा. ठिपके पुसले जातात, खोटा वारा तसाच राहतो. दुसरा मोह, तुमचाच, ऑर्डर वाढवायचा. गॉशियन टेकडीवर तो फळतो. कच्च्या उंचीच्या डेटावर मात्र डिग्री ७ ची बहुपदी कड्याच्या दोन्ही बाजूंना हेलकावे खाते, आणि जमिनीलाच सुरकुत्या पडतात.

उपाय कंटाळवाणे आहेत. हायड्रोस्टॅटिक संदर्भस्थिती (दाब आणि गुरुत्व तोललेली शांत हवा) आधीच वजा करून फक्त विचलनं सोडवायची. उंची नोडवर (एलिमेंटमधल्या गणनेच्या बिंदूवर) नुसती उचलून ठेवायची नाही. ती मेशला पेलेल इतकी गाळायची आणि शेजारच्या एलिमेंटशी सामाईक कडेवर तंतोतंत जुळवायची. मेट्रिक पदं (एलिमेंटचा वाकडा आकार सांगणारी) बाकी समीकरणाच्याच डेरिव्हेटिव्ह मॅट्रिक्सने, कर्लच्या रूपात काढायची; गणितज्ञ कोप्रिवा यांनी २००६ मध्ये दाखवलेली हीच वाट. सपाट, एकसारखा वारा सोडून पाहा: तो एकसारखा राहिला नाही, तर पुढच्या कुठल्याही चाचणीला अर्थ नाही.

मग टाइम स्टेप, म्हणजे मॉडेल एका उडीत किती सेकंद पुढे जातं ते. ध्वनी दोन नोडांमधलं अंतर कापेल त्याहून ती फार मोठी चालत नाही. २० किलोमीटरचं एलिमेंट, डिग्री ४, गॉस-लोबाटो नोड (कडांकडे दाटणारे): कडेजवळचे दोन नोड ३.४५ किलोमीटरवर. ध्वनी ३४० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ढोबळमानाने १० सेकंद. डिग्री ७ केली की तेच अंतर १.२८ किलोमीटर, वेळ चारेक सेकंद. (उभ्या दिशेला इम्प्लिसिट, म्हणजे पुढच्या क्षणाची किंमत समीकरणातच धरून, सोडवतो म्हणून निदान तिथे सुटका.) त्यात घाटाजवळ एक जरी चपटं एलिमेंट घुसलं, की अख्ख्या पृथ्वीची स्टेप त्याच्या तालावर.

बाष्पाचं तर विचारूच नका. एकरेषीय योजना पहिल्या ऑर्डरपलीकडे गेली की नवे चढउतार निर्माण करणारच, हे गणितज्ञ गोदुनोव्ह यांनी १९५९ मध्येच सिद्ध केलंय. ढगाच्या कडेला बाष्प ऋण होतं. ते सरळ शून्य केलं, तर हवेत फुकटचं पाणी येतं. लिमिटरने (मर्यादा ओलांडणाऱ्या किमती आवरणाऱ्या सूत्राने) एलिमेंटच्या सरासरीकडे ओढलं, तर वस्तुमान टिकतं, पण नेमकी तिथेच ऑर्डर मावळते. म्हणजे पाऊस जिथे पडायचा तिथेच आपण लो-ऑर्डर!

मग दुसरी ऑर्डर बरी का? तेही म्हणवत नाही. वेड्यावाकड्या मेशवर ‘दुसऱ्या’ ऑर्डरच्या कितीतरी योजना पहिलीवर घसरतात, आणि छोट्या लाटा मागे रेंगाळतात ते वेगळंच. घाटावर डिग्री कमी आणि एलिमेंट बारीक, समुद्रावर उलट, असं करावंसं वाटतं. पण मग प्रोसेसरांमध्ये काम सारखं वाटलं जात नाही. सध्या सगळीकडे ४ ठेवली आहे. भांडायचं तर यावर भांडा.